काही कमी नाही, तरीही...

दिव्यांग व्यक्तीच्या घरी चौकशी केली, तर बहुधा एकच उत्तर मिळते : 'त्याला काही कमी नाही.' हे उत्तर खोटे नसते. वेळेवर जेवण, औषध, स्वच्छ अंथरूण हे सारे तिथे असते आणि त्यामागे आईने व भावजयीने वर्षानुवर्षे खाल्लेल्या खस्ता असतात. मात्र तो गावातल्या लग्नाला शेवटचा कधी गेला, घरातील कोणत्या निर्णयात त्याचे मत विचारले गेले, असे विचारताच संभाषण थांबते. दिव्यांगांच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न या थांबलेल्या संभाषणात दडलेला आहे.

२०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. त्यांपैकी साडेएकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रातील. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२चा अहवाल सांगतो की, अशा व्यक्तींना नैराश्यासारख्या व्याधींचा धोका इतरांच्या दुप्पट असतो. त्याचे खापर केवळ शारीरिक व्यंगावर फोडता येत नाही. समाजाची हेटाळणी, दारिद्र्य, शिक्षण व रोजगारापासून दूर राहावे लागणे, ही कारणेही तोच अहवाल नोंदवतो. म्हणजे पाय अपघाताने वा आजाराने जातो. पण उमेद अनेकदा माणसांच्या वागण्याने जाते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पाहण्यास जगभरचे अभ्यासक येतात. २०२०मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत त्याचा समावेश झाला. विवराच्या तळाशी कमळजादेवीचे स्थान आहे आणि नवरात्रात तिथे यात्रा भरते. उतार तीव्र, वाट जंगलाची. ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याला काठावरूनच हात जोडावे लागतात. त्यात कोणाचा दोष नाही. अभयारण्य असलेल्या या नैसर्गिक ठेव्यात सिमेंटचे रस्ते ओतावेत, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही.

पण विवराची खोली उल्केने ठरवली. मंगल कार्यालयाच्या पायऱ्या माणसाने बांधल्या. शाळेची उंच जोती, कार्यालयांचे वरचे मजले, सार्वजनिक मंडपातील अरुंद वाटा यांचे उत्तरदायित्व निसर्गावर ढकलता येत नाही. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या प्राचीन वास्तूच्या उंच जोत्याला हात लावता येत नसेल, तर चार तरुणांनी खुर्ची उचलून धरायला कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहायची? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा अधिकार मान्य केला आहे. कायदा दार उघडू शकतो. 'ये' असे म्हणण्याचे काम समाजाचे आहे.

याच जिल्ह्यातील शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने हे आगत्य शिस्तीत कसे उतरवावे, याचा वस्तुपाठ घालून दिला. कै. शिवशंकरभाऊ पाटील यांच्या काळात तेथील सेवेकऱ्यांची परंपरा नावारूपाला आली. विनावेतन सेवा, स्वच्छता आणि भाविकाशी नम्र वागणूक ही तिची ओळख. मतिमंद मुलांसाठीचे विद्यालयही संस्थान चालवते. भक्ती आणि व्यवस्थापन यांत विरोध नाही, हे शेगावने दाखवले. आता गावोगावच्या देवस्थानांनी व उत्सव मंडळांनी पुढचे पाऊल टाकावे. दिव्यांग बांधव केवळ दर्शनाच्या स्वतंत्र रांगेत न दिसता सेवेकऱ्यांच्या चमूतही दिसावा. पावत्या लिहिणे, चौकशी कक्ष सांभाळणे, भजनाला साथ करणे, हिशेब ठेवणे यांसाठी धडधाकट पाय लागतात, असे कोणी ठरवले?

कारण मनाला उभारी देणारी गोष्ट म्हणजे आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव. छत्तीसगडमधील चांपा येथे १९६२मध्ये भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा करणारे सदाशिवराव कात्रे स्वतः कुष्ठरोगी होते. समाजाने ज्यांना वेशीबाहेर काढले, त्यांना त्यांनी केवळ औषध दिले नाही, काम दिले. अमरावती जिल्ह्यातून तिथे गेलेल्या दामोदर गणेश बापट यांनी ते कार्य आयुष्यभर पुढे नेले. २०१८मध्ये 'पद्मश्री'ने त्यांचा गौरव झाला. बाबा आमटे यांचे आनंदवनही श्रमाच्या याच अधिष्ठानावर उभे राहिले. उपकार घेणारा हात कालांतराने आखडतो. निर्मिती करणाऱ्या हाताला स्वतःची किंमत कळते.

२०१५पासून 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला. त्यामागची भावना आदराची आहे. पण शब्द बदलून दृष्टी तीच राहिली, तर काल दयेने दूर ठेवलेला माणूस आज कौतुकाने दूर ठेवला जाईल. प्रत्येक अंध व्यक्तीने गायक व्हावे, प्रत्येक अपंगाने शिखर सर करावे, ही अपेक्षाही एक ओझेच आहे. त्याला चिडण्याचा, थकण्याचा, सामान्य असण्याचा अधिकार हवा.

आणि आपुलकीलाही मर्यादा असते, हे विसरू नये. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, बोलणे बंद होणे, जगणे नकोसे वाटल्याचे उद्गार निघणे ही लक्षणे दिसली, तर 'मन घट्ट कर' हा उपदेश पुरेसा नाही. तिथे वैद्यकीय उपचारच हवेत. ते मिळण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. २०२२मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या सल्ला मिळतो. जिल्ह्याचे ठिकाण दूर असलेल्या लोणारसारख्या तालुक्यांसाठी ही मोठीच सोय आहे. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या आणि देवळाच्या फलकावर लिहिण्यास खर्च तो किती? दिव्यांग मुलाची काळजी वाहताना स्वतः कोमेजून गेलेल्या मातेलाही तो तितकाच उपयोगी आहे. तिला आठवड्यातून दोन तास मोकळीक देणारी शेजारीण, हीदेखील सेवाच.

सेवाकार्याचा अर्थ वर्षातून एकदा साहित्यवाटप करून छायाचित्र काढणे एवढाच राहिला, तर चाकाची खुर्ची घरात येईल आणि माणूस घरातच राहील. येत्या सणाला प्रत्येक कुटुंबाने आपल्या आळीतील अशा एका व्यक्तीला भेटावे. फळांची पिशवी न्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिच्याकडे एखादे काम मात्र अवश्य मागावे.