जन्मतारीख : १ जून



अमेरिकेतल्या आपल्या मंडळात जळगाव-धुळ्याकडची मंडळी गेल्या काही वर्षांत बरीच वाढली. त्यांच्या व्हिसाच्या फायलींत एक जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसते : १ जून. खान्देशातल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही. पोराला शाळेत घालायला नेले की गुरुजी तारीख विचारायचे, आणि घरच्यांना आठवायचे ते कापूस वेचणीचे दिवस. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून गुरुजी वय मोजून १ जून लिहून टाकायचे. तीच तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आली, तीच पासपोर्टवर. एच-१बी व्हिसा मिळेपर्यंत तिने कुणाचे काही अडत नाही. पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जाला जन्माचा दाखला लागतो आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात खरी तारीख निघते, नोव्हेंबरातली. मग दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे पटवून देता देता महिने जातात.

नोंद सापडली तर तेही नशीबच म्हणायचे. आपल्या एका सभासदाच्या वडिलांनी चोपडा तालुक्यातल्या स्वतःच्या गावी चार-चार खेपा घातल्या. दर वेळी फोनवर एकच उत्तर, "ग्रामसेवक आज बी उना नही." अखेर आत्याला आठवले की वहिनीचे पहिले बाळंतपण माहेरी झाले होते, म्हणजे नोंद अमळनेर तालुक्यात, आजोळच्या गावी. तिथे रजिस्टर निघाले. त्यात वडिलांचे नाव, आईचे नाव आणि पुढे फक्त ‘पुरुष’. बारशाआधीच जन्म नोंदवला गेला होता आणि नंतर नाव घालायला कुणी गेलेच नव्हते. नाव घालण्याची मुदत १५ वर्षांची असते. शासनाने ती वेळोवेळी वाढवून दिली, पण वाढवलेल्या मुदतीची खबर परदेशात बसलेल्या मुलापर्यंत क्वचितच पोचते. नोंदच नसेल तर ती नव्याने करून घेणेही आता सोपे राहिलेले नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उशिराच्या जन्मनोंदींचे नियम बरेच कडक केले आहेत.

नोंद नसेल, तर ती उपलब्ध नसल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे अमेरिकेत चालतात. ही दोन माणसे म्हणजे तुमचे मामा, आत्या, शेजारच्या काकू. आज ती सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. वकिलाने मागितल्यावर करू, असे म्हणत थांबू नका. ती हिंडती-फिरती आहेत तोवर प्रतिज्ञापत्रे करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या भागाच्या आणखी दोन गोष्टी अमेरिकेतल्या वकिलाला ठाऊक नसतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी शहाद्यात किंवा तळोद्यात जन्मलेल्याच्या दाखल्यावर जिल्हा धुळे असतो आणि पासपोर्टवर नंदुरबार. तसेच विद्यापीठाचे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात स्थापन झाले, त्याआधीच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. त्यामुळे पदवीवर एक नाव आणि आज मागवलेल्या ट्रान्सक्रिप्टवर दुसरे, असे होते. यात गैर काहीच नाही, पण अर्जासोबत दोन ओळींचा खुलासा जोडा. चौकशीचे पत्र येण्याची वाट पाहू नका.

तीन वर्षांची बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवपत्रे जपावी लागतात. एच-१बीच्या नियमांत शिक्षणाच्या कमी पडणाऱ्या एका वर्षासाठी तीन वर्षांचा संबंधित अनुभव धरता येतो. त्यासाठी पत्रात कामाचे स्वरूप, हुद्दा आणि तारखा स्पष्ट हव्यात. "अमुक काळ आमच्याकडे नोकरीस होते" एवढ्याने भागत नाही. छोट्या कंपन्या बंद पडतात, साहेब बदलतात, म्हणून पत्र नोकरी सोडतानाच घ्यावे. आणि आपल्यापैकी जे आज वरिष्ठ पदांवर आहेत, त्यांनी हाताखालून गेलेल्या माणसाला असे पत्र देताना हात आखडता घेऊ नये. एखाद्याचे पुढचे सगळे त्या एका पानावर अवलंबून असते.

हे सगळे आत्ताच लिहायचे कारण गेल्या वर्षाने दिले. २ सप्टेंबर २०२५ पासून व्हिसाच्या मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी बंद झाली. त्याच महिन्यात, मुलाखत स्वतःच्या देशात किंवा राहत्या देशातच द्यावी, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याने सांगितले. डिसेंबरात एच-१बीच्या कित्येकांच्या मुलाखती ऐनवेळी पुढच्या वर्षावर गेल्या आणि रजा संपूनही माणसे भारतातच अडकली. अशा वेळी मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीच्या तारखेकडे डोळे लावून बसण्यापेक्षा तहसील, ग्रामपंचायत आणि विद्यापीठ यांची कामे हातावेगळी करावीत. मुलासाठी वडिलांनी घातलेल्या पाच खेपांचे काम मुलगा स्वतः गेला तर बहुधा एका खेपेत होते, कारण सही त्याची लागते आणि प्रश्नांची उत्तरेही त्यालाच देता येतात.

मंडळाकडून आपण एक काम नक्की करू शकतो. मराठी दाखल्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर यूएससीआयएसला, म्हणजे ग्रीन कार्डाचे अर्ज पाहणाऱ्या अमेरिकी खात्याला, द्यावे लागते. आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे असते. त्यासाठी एजन्सीच गाठली पाहिजे, असा नियम नाही. जुन्या रजिस्टरातले तलाठ्याचे अक्षर लागणारी, ‘मौजे’ आणि ‘पो.’ म्हणजे काय हे जाणणारी माणसे आपल्यात आहेत. ज्यांना हे काम विनामूल्य करायला आवडेल, त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे. येत्या हिवाळ्यात गावी जाणाऱ्या सभासदांचे कागद आपण आधी हातात घेऊ.

– संपादक