जप्तीची घरे आणि दलालाचा धर्म

नांदेड आणि लातूर येथील वृत्तपत्रांत एका प्रकारची जाहिरात आता नित्याची झाली आहे. कर्जदाराचे नाव, जामीनदारांची नावे, थकबाकीचा आकडा, मिळकतीच्या चतुःसीमा, राखीव किंमत आणि लिलावाची तारीख एवढा मजकूर बारीक टाइपात दाटीवाटीने छापलेला असतो. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठीत रूढ झाली ती घर उभारण्यातल्या खटाटोपामुळे. परंतु बांधलेले घर हातचे जायला अशी चार बोटांची एक जाहिरात पुरते. ही जाहिरात शेजारीपाजारी कुतूहलाने वाचतात आणि मोजके धनिक मतलबाने वाचतात. आता तिच्याकडे तिसऱ्या एका वर्गाचे लक्ष वळू लागले आहे. हा वर्ग म्हणजे स्थावर मिळकतीचे दलाल. वाघाळ्यातील भूखंड आणि औसा रस्त्यावरील सदनिका विकून ज्यांनी आपला जम बसविला, त्यांना बँकांनी ताब्यात घेतलेल्या मिळकतींचा हा नवा बाजार खुणावीत असल्यास नवल नाही. त्यांनी या बाजारात यावे की न यावे हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणत्या वाटेने यावे, हाच खरा प्रश्न आहे.

हा बाजार निर्माण झाला तो २००२ च्या सरफेसी कायद्यामुळे. त्यापूर्वी तारण मिळकत विकून घ्यायची तर बँकेला न्यायालयाची किंवा १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागे. नव्या कायद्याने बँकेला न्यायालयाबाहेर कारवाईचा अधिकार दिला. कर्ज अनुत्पादक ठरले की साठ दिवसांची मागणी-नोटीस, नंतर ताबा आणि त्यानंतर विक्री, असा हा क्रम आहे. पहिल्या विक्रीपूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि जाहीर लिलाव वा निविदा असेल तर ती दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, प्रसिद्ध करावी लागते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. मात्र दाद मागण्यापूर्वी थकबाकीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची जाचक अट रद्द केली. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो, असा निर्णय २०२० मध्ये घटनापीठाने दिला. पतसंस्थांची वसुली मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार वसुली दाखला आणि विशेष वसुली अधिकारी यांच्यामार्फत चालते. ज्या दलालाला या दोन वाटांतला फरक ठाऊक नाही, त्याने या धंद्यात पाऊल टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या पुंजीवर स्वतःचे शिक्षण करणे होय.

बँकांच्या लिलावांची माहिती आता संगणकावर घरबसल्या मिळते आणि बोलीही तेथेच लावता येते. मग दलाल हवाच कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरवर बिनतोड वाटतो. पण संगणकाच्या पडद्यावर दिसते ते क्षेत्रफळ, किंमत आणि फार तर एक छायाचित्र. बँकेकडे मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा आहे की दारावर नोटीस डकवून घेतलेला केवळ प्रतीकात्मक ताबा आहे, आत भाडेकरू आहे काय, भावाभावांत वाटणीचा वाद आहे काय, रस्ता कागदावरचा की जमिनीवरचा, हे गल्लीत जाऊन चौकशी केल्यावाचून कळत नाही. प्रत्यक्ष ताबा नसेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागते. पुण्या-मुंबईचा बोलीदार हे जाणू शकत नाही आणि नांदेडचा शिक्षक किंवा लातूरचा लहान व्यापारी या भानगडीच्या भीतीने लिलावाकडे फिरकत नाही. परिणामी नेहमीचे चार लोक जमतात, आपसांत ठरवितात आणि राखीव किमतीच्या आसपास मिळकत पदरात पाडून घेतात. या कोंडीला वाट काढून देणारा जाणकार मध्यस्थ समाजाला हवा आहे.

मराठवाड्यात तर या जाणकारीची गरज अधिकच आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामी राजवटीखाली होता. इनाम, मदतमाश अशा जमिनींचा वारसा येथील दप्तरांत अजून डोकावतो, आणि भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीचे हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून अडते. शहरांच्या कडेला गुंठेवारीच्या वसाहती वाढल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ चा अधिनियम झाला, परंतु प्रत्येक भूखंड नियमित झालाच आहे असे गृहीत धरता येत नाही. शेतजमिनीवरील तारणहक्काला सरफेसी कायदा मुळातच लागू नाही. म्हणून शहरालगतची जमीन नावापुरती शेती आहे की खरोखर कसली जाते, हा प्रश्न अनेक विक्रींच्या मुळाशी दडलेला असतो. सात-बारा, फेरफार, मालमत्ता पत्रक, दुय्यम निबंधकाकडील शोध, महापालिकेची करबाकी आणि विजेची थकबाकी एवढे पाहिल्याशिवाय ‘स्वस्तात मिळते आहे’ असे सांगणारा दलाल गिऱ्हाइकाला खड्ड्यात लोटत असतो. ‘जसे आहे, जेथे आहे’ ही लिलावाच्या अटींतील शब्दरचना शोभेची नव्हे. अशा अटीवर घेतलेल्या जागेची पूर्वीची वीजबाकी, नियमांत तशी तरतूद असल्यास, नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

पैशाचे वेळापत्रकही तितकेच कठोर असते. बोली मंजूर झाली की बयाण्यासह पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, भरावी लागते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायची असते. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही. ही मुदत चुकली की भरलेली रक्कम जप्त होते. आधी कर्जाची सोय न करता बोली लावणाऱ्या नोकरदाराची आयुष्यभराची बचत एका दुपारी बुडू शकते. अशा माणसाला ‘या लिलावात पडू नका’ असे सांगून आपली दलाली सोडण्याची तयारी ज्याची असेल, त्यालाच या धंद्यात पत मिळेल, आणि ती टिकेलही.

तथापि दलालाचे सर्वांत मोलाचे काम लिलावाच्या दिवशी नसते. ते त्याच्या कितीतरी आधी असते. याच मुद्द्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होत आहे. समजा, लातुरात एखाद्याने शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांच्या भरवशावर कर्ज काढून वसतिगृह बांधले. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले, खोल्या रिकाम्या पडल्या, हप्ते थकले आणि पुढे ती घडी पुन्हा बसलीच नाही. इमारतीची बाजारातील किंमत चाळीस लाख आणि कर्जाची बाकी अठ्ठावीस लाख आहे, असे धरू. शांतपणे गिऱ्हाईक शोधून ती अडतीस लाखांना विकली गेली, तर बँकेचे देणे फिटून कर्जदाराच्या हाती दहा लाख उरतात. तीच इमारत लिलावात तीस लाखांना गेली तर खर्च आणि वाढते व्याज वजा जाता त्याच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. बँकेची वसुली दोन्हीकडे सारखीच होते. फरक पडतो तो एका कुटुंबाच्या उरलेल्या आयुष्याला.

हा फरक साधण्याचा अवधी फार थोडा असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर हे निश्चित झाले आहे, की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की थकबाकी भरून मिळकत सोडविण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. पूर्वी अखेरच्या क्षणी पैसे उभे करून घर वाचविण्याची आशा असे. आता ते दार आधीच बंद होते. मागणी-नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीवाचून कर्जदाराला मिळकत विकताही येत नाही. कारवाईविरुद्ध दाद मागायची तर पंचेचाळीस दिवसांच्या आत छत्रपती संभाजीनगर येथील कर्जवसुली न्यायाधिकरण गाठावे लागते. नांदेड-लातूरच्या माणसाला हा दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतराचा प्रवास आहे. आणि नेमक्या याच काळात कर्जदार लाजेने घराची दारे लावून बसतो. नोटीस नातलगांपासून लपवितो, बँकेचे पत्र फोडीतही नाही. अशा वेळी त्याला धीर देऊन बँकेत नेणारा, संमती मिळवून देणारा, योग्य गिऱ्हाईक उभे करणारा मध्यस्थ भेटला, तर तिघांचेही हित साधते. खासगी वाटाघाटीने विक्री हा प्रकार कायद्याच्या नियमांतही मान्य केलेला आहे.

येथेच मोहाचाही प्रश्न येतो. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही कर्जदाराची अवस्था असते आणि तिचा फायदा घेणारे नेहमीच टपलेले असतात. कर्जदाराला ‘लिलाव थांबवितो’ म्हणून पैसे उकळायचे, खरेदीदाराला ‘अधिकारी आपलाच आहे’ म्हणून भुलवायचे आणि शेवटी मिळकत स्वतःच्या मेहुण्याच्या नावे घ्यायची, ही दलाली नव्हे. हे मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे आहे. १८७२ च्या करार अधिनियमाने यावर केव्हाच बोट ठेवले आहे. मालकाला न कळविता मुनीमाने वा दलालाने त्याच व्यवहारात स्वतःसाठी सौदा केला, तर मिळालेला लाभ मालक मागू शकतो. दलाल कर्जदाराचा की खरेदीदाराचा हे पहिल्या भेटीतच कागदावर ठरले पाहिजे, आणि मेहनताना कोण किती देणार हेही. बँकेच्या लिलावात दलालीची रक्कम बहुधा गृहीत धरलेली नसते. म्हणून ती आडवाटेने वसूल करण्याचा मोह अधिक असतो.

२०१७ पासून महाराष्ट्रात नोंदणीकृत गृहप्रकल्पांतील विक्रीसाठी दलालांना महारेराची नोंदणी आवश्यक झाली आणि पुढे प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची करण्यात आली. परंतु जुन्या घराचा किंवा दाल मिलच्या शेडचा लिलाव या शिस्तीच्या कक्षेत सहसा येत नाही. म्हणूनच येथील दलालांच्या संघटनांनी स्वतःहून काही पथ्ये स्वीकारली पाहिजेत. आपण ज्याचा सल्लागार आहोत त्या लिलावात स्वतः वा नातलगामार्फत बोली लावायची नाही. कर्जदाराकडून आगाऊ रक्कम घ्यायची नाही. कागदपत्रांच्या तपासणीचा लेखी गोषवारा दिल्याखेरीज गिऱ्हाइकाला बयाणा भरू द्यायचा नाही. बँकांचेही काही कर्तव्य आहे. ताब्याचे स्वरूप, करबाकी, वीजबाकी आणि प्रलंबित दावे यांची माहिती नोटिशीतच स्पष्ट मराठीत दिली, आणि मागणी-नोटिशीच्या टप्प्यावर संमतीने विक्रीचा प्रस्ताव कर्जदारापुढे ठेवला, तर निम्मा अंधार आपोआप दूर होईल.

कर्ज फेडलेच पाहिजे याविषयी दुमत नाही. ठेवीदारांचा पैसा हाही कुणाच्या तरी घामाचाच असतो. परंतु कर्ज बुडणे आणि कर्जदार बुडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टाळताना दुसरी ओढवून घेण्याचे काही कारण नाही. नांदेड-लातूरचा दलाल या दोहोंच्या मध्ये उभा आहे. ज्याच्या वहीत लिलावाच्या तारखांच्या आधी मागणी-नोटिशींच्या तारखा लिहिलेल्या असतील, तो या बाजारात खऱ्या अर्थाने शिरला असे म्हणता येईल. आणि एखादे घर जप्तीच्या जाहिरातीत येण्यापूर्वीच योग्य किमतीला विकले गेले, तर त्याची दलाली त्याने पुरेपूर कमावलेली असेल.