द्राक्षवेलीचं मनन तासगावातून यावं

२८ एप्रिल २०२४ हा पुनरुत्थानकाळातला पाचवा रविवार होता. त्या दिवशी जगभरच्या कॅथॉलिक चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय वाचला गेला. त्यात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणवतो आणि फळणारी फांदीही माळी छाटतो, असं सांगतो. त्याच सुमारास तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागांत खरड छाटणी चालू होती. माझ्या हाती आलेलं त्या रविवारचं मनन मात्र इंग्रजीवरून घेतलेलं होतं. त्यात बर्फ वितळत होतं आणि वेलीला कोवळी पालवी फुटत होती. आपल्याकडे त्या दिवसांत पारा चाळिशीला टेकलेला असतो.

मी मिरजेची, कॅथॉलिक घरातली. तासगाव तालुक्यातल्या शाळेत मी मराठी शिकवलं. आमच्या उपासनेचं वर्ष डिसेंबरच्या तोंडावर आगमनकाळाने सुरू होतं. नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ आणि सामान्यकाळ असं ते फिरतं. रविवारची वाचनं ठरलेली असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, त्यांचं तीन वर्षांचं चक्र बसवलं गेलं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात येतो. आषाढी-कार्तिकी सांभाळणाऱ्या, चातुर्मासात पोथी लावणाऱ्या घरांना ही शिस्त परकी वाटू नये.

या वाचनांवर सावकाश विचार करण्याची रीत मठांनी जपली. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत उपवासकाळात प्रत्येक संन्याशाला एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्या पानापासून क्रमाने वाचावा, असा दंडक आहे. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डने सणावारांसाठी प्रवचनं लिहिलीच, शिवाय बायबलमधल्या 'गीतरत्न' या ग्रंथावर १८ वर्षांत ८६ प्रवचनं रचली. एवढं करून ते पोहोचले तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंत. हा धीर मला फार मोलाचा वाटतो. तो आपण घ्यावा. पण वाचताना डोळ्यांपुढे शिवार आपलं हवं.

सावळजचा माझा एक जुना विद्यार्थी द्राक्षबागायतदार आहे. ख्रिस्ती नाही. योहानाचा तो उतारा मी त्याला वाचून दाखवला. तो मला ओळीत घेऊन गेला आणि कात्री लावून दाखवली: काडी मुळाशी एक डोळा राखून कापली. म्हणाला, "बाई, ज्या काडीनं यंदा घड दिला तीच कापायची. मोह धरला तर पुढच्या साली नुसता पाला." मग नवी काडी फुटते आणि पुढच्या घडाची सूक्ष्म निर्मिती तिच्या डोळ्यांत आतल्या आत होते. ती बाहेरून दिसत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी काड्या तपासायला नेतात तेव्हा कळतं. छाटणीनंतरचे ते कोरडे महिने म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या प्रवचनांतून उमगलं नव्हतं. हाच उतारा २५ एप्रिल २०२७ ला पुन्हा वाचला जाईल.

मत्तयाच्या वर्षात सप्टेंबर-ऑक्टोबरचे लागोपाठ तीन रविवार द्राक्षमळ्याचे दाखले येतात. इथे तेव्हा फळछाटणीची तयारी, मजुरांच्या टोळ्यांची जमवाजमव चाललेली असते. पहिला दाखला मजुरीचा. मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत माणसं लावतो आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. मूळचे संन्यासी असलेले पोप ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस त्या प्रहरांचा अर्थ बालपण ते म्हातारपण असा लावला. तो सुंदरच आहे. पण सकाळपासून चौकात उभ्या असलेल्या, कुणी कामाला न नेलेल्या बाईला हा दाखला सांगा. घरची चूल अर्ध्या मजुरीवर अर्धी पेटत नाही, हे ती आधी सांगेल. आपण मराठीत अशा मननांचं पुस्तक केलं, तर तिचं हे भाष्यही त्यात यायला हवं. मत्तयाच्याच वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, ऐन डिसेंबरात, यशया वाळवंट फुलण्याचं वचन देतो. जतच्या पूर्व भागात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला त्यावर काय म्हणायचं असेल?

शुभवर्तमान सगळ्या जगाचं आहे, ते तालुक्यात का कोंडायचं, असं कुणी म्हणेल. पण मठांतही ते त्यांच्या मातीतूनच वाचलं गेलं. बर्गंडीचे सिस्टर्शियन संन्यासी स्वतः द्राक्षमळे लावत होते. आपल्याकडे इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ मध्ये सुमारे ११ हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण दिलं. प्रोटेस्टंट पंथातल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला आणि ख्रिस्तभक्ती भजन-कीर्तनाच्या वळणाची केली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' घडवलं. वाट मळलेली आहे. पुढे चालणारे हवेत.

सातारा-सांगलीत कॅथॉलिक मूठभर आहेत, लिहिणार कोण, हा प्रश्न मला विचारला जातो. माझं उत्तर असं: फादरांनी आणि सिस्टरांनी एकट्याने लिहू नये. परिचारिका, ऊसतोडीला गेलेला माणूस, बागायतदार यांना त्या रविवारचं वाचन आठवडाभर आधी द्यावं आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावं. शेजारच्या वारकऱ्यालाही विचारावं. रविवारी एक पान, तीन वर्षांत उपासनेच्या पूर्ण चक्राचं एक मराठी पुस्तक. मार्काचं वर्ष २९ नोव्हेंबर २०२६ ला सुरू होतंय. त्या रविवारचं पहिलं पान लिहायला बसा.