‘क्यू’च्या पाठीस ‘यू’

वाचकांस ठाऊकच आहे कीं, आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. त्याहून जें थोडें अधिक आलें तें मुलांस शिकवितां शिकवितां आलें. तथापि ज्या घरांत जन्मभर मास्तरकी केलेला म्हातारा असतो, तेथें शब्दावरून तंटा झाला म्हणजे निवाड्यासाठीं त्याच्याकडेच येतात. दिवाळीच्या सुटींत माझ्याकडे असाच एक तंटा आला, आणि माझा निवाडा साफ चुकला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

नातवंडांनीं माजघरांत ‘स्क्रॅबल’ मांडला होता. ज्यांच्या घरीं हा खेळ नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. पंधरा उभ्या व पंधरा आडव्या घरांचा पट, शंभर सोंगट्या, त्यांपैकीं दोन कोऱ्या, बाकीच्यांवर एकेक इंग्रजी अक्षर व त्याचे गुण. प्रत्येकानें सात सोंगट्या घ्याव्या व पटावरील शब्दाला जोडून नवा शब्द मांडावा. आल्फ्रेड बट्स नांवाच्या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञानें १९३० नंतरच्या मंदींत, हातास काम नसतां, हा खेळ रचिला. ‘स्क्रॅबल’ हें नांव त्यास १९४८ मध्यें मिळालें. कोणतें अक्षर किती वेळां येतें हें त्यानें वर्तमानपत्रांचीं पानें मोजून पाहिलें होतें. म्हणून ‘ई’च्या सोंगट्या बारा, पण गुण एकच, ‘क्यू’ची सोंगटी एकच, पण गुण दहा.

डाव संपत आला असतां ही एकुलती एक सोंगटी आमच्या धाकट्या नातीच्या हातीं राहिली, आणि ‘यू’ तर एकही शिल्लक नव्हता. भेंड्यांत अंगावर ‘ळ’ यावा तशी तिची गत झाली. आणि भेंड्यांत निदान ‘ळ’बद्दल ‘ल’ घेण्याची सवलत तरी असते! पोरीनें बराच वेळ पटाकडे पाहिलें, आणि एका ‘आय’च्या आधीं ‘क्यू’ नेऊन ठेविला. दोनच अक्षरांचा शब्द. थोरल्या नातवानें हरकत घेतली. “आजोबा, तुम्हीच सांगा, आहे का असा शब्द?”

मीं चष्मासुद्धां न लावितां सांगितलें, “‘क्यू’च्या पाठीस ‘यू’ नाहीं असा शब्द इंग्रजींत नाहीं.” हें वाक्य फळ्यावर मीं किती वेळां लिहिलें असेल! नात कांहीं बोलली नाहीं. तिनें सोंगटी उचलली, पाळी गमावली, आणि सोंगटी हातांत राहिल्यामुळें दहा गुण उलट वजा झाले. डाव गेला.

रात्रीं कांहीं केल्या डोळा लागेना. उठून मुलानें आणलेला नवा जाड कोश काढला. तो शब्द तेथें होता. चिनी भाषेंतला, उच्चार ‘ची’, अर्थ, शरीरांत वाहणारी प्राणशक्ति.

मग झोंप कसली! पानें उलटीत बसलों. फकीर, कव्वाली, बुरखा, तलाक हे आपल्या रोजच्या कानांवरचे शब्द इंग्रजी कोशांत ‘क्यू’नें लिहिलेले आढळले, आणि एकाच्याही पाठीस ‘यू’ नाहीं. अरबींत कंठाच्या अगदीं मुळाशीं उच्चारिला जाणारा जो ‘क’ आहे, त्यासाठीं हें अक्षर योजितात. मौज अशी कीं, खुद्द इंग्रजांचा राणी या अर्थाचा शब्दही मूळचा ‘क्यू’चा नव्हे, पूर्वीं तो ‘सी’ व ‘डब्ल्यू’ यांनीं लिहीत. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या लेखकूंनीं आपली वळणें आणिलीं. म्हणजे ज्या नियमासाठीं मीं मुलांचे कान पिळले, तो परक्या कारकुनांनीं आणिलेला!

अशा खेळांत अडचण पडते ती कोशाच्या रचनेमुळें. कोश पहिल्या अक्षरावर लाविलेला. आपणांस हवें असतें मधलें किंवा शेवटचें. शेवटीं ‘जे’ येणारा शब्द सांगा म्हटलें तर गोरा मनुष्यही घुटमळेल. राज, ताज, स्वराज हे आपलेच शब्द तेथें कामास येतात. संस्कृत कोशकारांना ही अडचण ठाऊक होती. मेदिनीकोशांत अनेकार्थी शब्द शेवटच्या व्यंजनाप्रमाणें लाविले आहेत, आणि त्यांतही एका अक्षराचे, दोन अक्षरांचे, तीन अक्षरांचे असे वर्ग पाडिले आहेत. स्क्रॅबल खेळणारास याहून अधिक काय हवें? इंग्रजींत जॉन वॉकर यानें १७७५ मध्यें शब्द शेवटाकडून लाविलेला कोश काढला.

कोश जवळ नसेल तर व्याकरण आहेच. सात सोंगट्यांतून आधीं उपसर्ग व प्रत्यय बाजूस काढावे. ‘आर-ई’ हा उपसर्ग डाव्या हातास, ‘आय-एन-जी’ हा प्रत्यय उजव्या हातास. मध्यें उरतो तो धातु. धातु चटकन दिसतो. सातही सोंगट्या एका खेपेस लागल्या तर पन्नास गुण अधिक मिळतात.

आतां एक शंका मनांत राहतेच. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा २०१५ मध्यें फ्रेंच भाषेंतील या खेळाची जागतिक स्पर्धा जिंकला, आणि त्याला फ्रेंच बोलतां येत नव्हतें! नुसते शब्द पाठ. २०२४ मध्यें स्पॅनिशमध्येंही त्यानें तेंच केलें. यास्काचार्यांच्या निरुक्तांत अर्थ न जाणतां वेद म्हणणाराला ओझें वाहणाऱ्या खुंटाची उपमा आहे, ती मला आठवली. मात्र पदें व अक्षरें जशींच्या तशीं टिकलीं तीं घनपाठी ब्राह्मणांच्या पाठांतरामुळें, हेंही खरें. त्यामुळें रिचर्ड्सला हंसण्याचें धैर्य होत नाहीं.

सकाळीं चहाच्या वेळीं, सारीं जमलीं असतां, मीं कोश उघडून माझी चूक सांगितली. नात म्हणाली, “आजोबा, शब्द आहे हें मला माहीत होतें. पण तुम्ही अर्थ विचाराल, आणि तो येत नाहीं, म्हणून गप्प बसलें.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. तिचे गुण तिला परत दिले, आणि डाव तिचा झाला. त्या दिवसापासून आमच्या घरीं शब्दाचा अर्थ सांगणारास दोन गुण अधिक मिळतात, न सांगणाराचे कमी होत नाहींत. थोरल्या नातवास तेवढेंही मान्य नाहीं. तो रिचर्ड्सचा दाखला देतो.