लेबलवरचा २०चा आकडा

ऑफिसच्या कामानं परदेशवारी झाली की परतताना ड्यूटी फ्रीमध्ये पाय रेंगाळतातच. तिथं 'टॉनी पोर्ट' दिसली तर जरा थांबा. गोव्याहून बॅगेत कोंबून आणतो ती गोडमिट्ट लाल 'पोर्ट' ही नव्हे. ही पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली.

द्राक्षरस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते. मग ही वाइन लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं पडून असते, बऱ्याचदा पोर्तो शहरासमोर, नदीपल्याडच्या गायामध्ये. लाकडातून हवा झिरपते, थोडी वाइन उडून जाते. लाल रंग आधी विटकरी होतो, मग तांबूस-तपकिरी. चवीतलं ताजं फळ मागे पडतं आणि अक्रोड, सुकं अंजीर, कॅरॅमल, संत्र्याची साल असं काय काय जिभेवर येतं.

आता लेबलवरचा १०, २० किंवा ४०चा आकडा. वाइन बरोबर तेवढ्याच वर्षांची असते असं नाही बरं का! वेगवेगळ्या वयाच्या वाइन्सचं ते मिश्रण. चव त्या वयाला शोभते की नाही, हे तिथल्या पोर्ट वाइन संस्थेचं टेस्टिंग पॅनल ठरवतं.

आमचं मत विचाराल तर २०चीच घ्या. १०मध्ये अक्रोड-अंजिराची मजा अर्धीच, ४०मध्ये खिसा रिकामा! आणि कपाटात जपून ठेवू नका, बाटलीत ती आणखी मुरत नाही. मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल असतं, अलीकडचं बघून उचला. थोडी गार करून छोट्या ग्लासात प्या. उघडल्यावरही फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे आरामात टिकते, तेव्हा एका वीकएंडला संपवायचं टेन्शन नाही.