पगार वाढला म्हणून विमा का तुटावा?

ठाण्याचे वागळे इस्टेट असो की डोंबिवलीची एमआयडीसी, तिथल्या कामगाराच्या पगारपत्रकावर ‘ईएसआय’ नावाची एक लहानशी कपात असते. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. या चार टक्क्यांत कामगार, त्याची पत्नी, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांचे औषधपाणी व शस्त्रक्रिया येतात. कामगाराला आजारपणातला भत्ता आणि कामावर अपंगत्व आले तर दरमहा रक्कमही मिळते. पण पगार महिना २१,००० रुपयांच्या वर गेला की काही काळाने अख्खे कुटुंब योजनेबाहेर जाते. त्यावर ठरलेले उत्तर असे, की ज्याची मिळकत वाढली त्याने आपला मेडिक्लेम आपण काढावा, सरकारी आधार त्याहून गरजूंसाठी ठेवावा. हे उत्तर मुळातच चुकीच्या गृहीतकावर उभे आहे. ईएसआय ही खैरात नाही. कामगार आणि मालक यांनी दरमहा भरलेल्या पैशांवर चालणारा तो विमा आहे. म्हणून वेतनमर्यादा ही विम्यात प्रवेश देण्याची अट असू शकते, पण वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्या माणसाला बाहेर काढण्याचे कारण ती असू नये.

‘मेडिक्लेम काढावा’ या सल्ल्याचा आधी हिशेब मांडू. २१,००० रुपये पगारावर दोघांची मिळून वर्गणी महिना ८४० रुपये, म्हणजे वर्षाला १०,०८० रुपये होते. त्यातला कामगाराचा वाटा वर्षाला १,८९० रुपये. पगार २१,५०० झाला तर वर्षाला ६,००० रुपये वाढतात आणि थांबलेली कपात धरली तर हाती ७,८९० रुपये जास्त येतात. एवढ्या पैशांत तरुण नवराबायको आणि मुले यांची बेताच्या रकमेची पॉलिसी कशीबशी बसेल. आईवडील साठीपुढचे असतील तर त्या दोघांचाच हप्ता बहुधा कामगाराच्या महिन्याभराच्या पगाराला जाऊन भिडतो. पैशांहून मोठी अडचण काळाची आहे. खासगी पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू अशा आजारांना साधारणपणे दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या मधुमेहाला किंवा हृदयविकाराला तीन वर्षांपर्यंत. एका विमा कंपनीकडून दुसरीकडे जाताना ही थांबलेली वर्षे जमेस धरली जातात. ईएसआयमधून आलेल्याला ती सोय नाही. दहा वर्षे वर्गणी भरलेला माणूस कंपनीच्या दारात पहिल्या दिवसाचा नवखा ठरतो, आणि तेही नेमके घरात आजार शिरण्याच्या वयात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती राहिलेली नाही. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली केली आणि दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेले. मग ईएसआय सुटल्याचे दुःख कशाला? ही योजना मोलाची आहे आणि प्रत्येक कुटुंबाने तिचे कार्ड काढून ठेवलेच पाहिजे. पण ती ईएसआयची जागा घेऊ शकत नाही. ती ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच चालते. आईच्या रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, मुलाचा ताप, बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्या यांचा खर्च त्यात येत नाही. ईएसआयचा आजारपण भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतो. तसा एकही रुपया जन आरोग्य योजनेत नाही. गरीब घर मोडते ते केवळ शस्त्रक्रियेच्या बिलाने नव्हे, तर बिल आणि बुडालेला पगार एकाच महिन्यात येतात म्हणून. २०१६ आणि २०२४ साली डोंबिवली एमआयडीसीत झालेले भीषण स्फोट पाहिलेल्या भागात तर कामावरच्या अपघाताचे संरक्षण सुटणे ही किरकोळ बाब मानता येणार नाही. मर्यादेपलीकडच्या कामगाराला कायद्याने मालकाकडून भरपाई मागता येते, पण ती मालकाच्या खिशातून वसूल करायची असते.

तिसरा आक्षेप असा, की ईएसआयच्या रुग्णालयांत औषधे नसतात, डॉक्टर नसतात, रांगा असतात. तिथून सुटका झाली तर बरेच. वागळे इस्टेट आणि उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयांबद्दल तक्रारी ऐकू येतात हे खरेच आहे, आणि त्या दडपण्याचे कारण नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. थोडा बरा पगार मिळवणारा, संघटनेत बोलणारा, अर्ज लिहू शकणारा कामगारच योजनेबाहेर गेला, तर सुधारणेची मागणी करायला आत उरतो कोण? शिवाय बाहेर पडलेला प्रत्येक जण खासगी रुग्णालयात जात नाही. तो पालिकेच्या रुग्णालयात जातो. अशा रुग्णालयांवर आधीच किती भार आहे हे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. वर्गणी भरायला तयार असलेल्या माणसाला फुकट उपचारांच्या रांगेत ढकलण्यात कोणाचेच हित नाही.

उरतो निधीचा प्रश्न: मर्यादा ओलांडलेल्यांना आत ठेवले तर ईएसआय बुडेल, कारण आजारी तेवढेच थांबतील आणि धडधाकट निघून जातील. ही भीती विम्याच्या शास्त्राला धरून आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट द्यायला हवे. निधी खरोखर अडचणीत असता तर २०१९ मध्ये एकूण वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली नसती. आणि निवडून राहण्याचा धोका अटींनी आवरता येतो: किमान पाच वर्षे सलग वर्गणी, मर्यादा ओलांडल्यापासून ठरावीक मुदतीत एकदाच निवड, आणि दोन्ही वाटे मिळून पूर्ण चार टक्के. २५,००० रुपये पगारावर ही वर्गणी महिना १,००० रुपये होते. मालकाने आपला वाटा चालू ठेवला तर उत्तम. नाही ठेवला तरी बाजारात आईवडिलांसह एवढ्या पैशांत कोणी विमा देत नाही. हे तत्त्व ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाने स्वतः मान्यही केले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने ठरवले, की किमान पाच वर्षे विमाधारक असलेल्या, पण मर्यादा ओलांडल्यामुळे बाहेर पडून ३०,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर निवृत्त झालेल्या कामगारांना उपचारांचा लाभ द्यावा. जो हक्क निवृत्तीनंतर परत देता येतो, तो मधल्या कर्त्या वर्षांत हिरावून घेण्यात कसले शहाणपण आहे?

शिवाय वेतनमर्यादेची ही रेषा अचल नाही. २००४ मध्ये ती ७,५०० रुपये होती, २००६ मध्ये १०,००० झाली, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,०००. त्यानंतर भाडे, भाजी, शाळेची फी सगळे वाढले आणि रेषा तिथेच थांबली. म्हणजे कामगार श्रीमंत होऊन बाहेर पडत नाही. महागाईची भरपाई म्हणून मिळालेली वाढच त्याला बाहेर काढते. ही मर्यादा बदलायला संसदेत नवा कायदा करावा लागत नाही, केंद्र सरकारची अधिसूचना पुरते. पुढची मर्यादा महागाई निर्देशांकाशी बांधली, तर दर वेळी इतकी वर्षे वाट पाहावी लागणार नाही.

हे होईपर्यंत कुटुंबांनी हातावर हात ठेवून बसू नये. मे महिन्यात पगार मर्यादेपुढे गेला, तरी वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत चालते आणि लाभ पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत मिळतो. ती मुदत संपायची वाट न पाहता पगारवाढ होताच खासगी पॉलिसी घ्यावी, म्हणजे तिचा थांबण्याचा काळ ईएसआयच्या छत्राखालीच सरकू लागतो. आईवडिलांची पॉलिसी वेगळी ठेवावी; एकत्र पॉलिसीत सर्वात मोठ्या वयावर हप्ता ठरतो. सत्तरीपुढच्यांचे पाच लाखांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे, त्याला उत्पन्नाची अट नाही. लहान मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ रकमेपुढच्या खर्चाची जोड पॉलिसी, घेतला तर मोठे संरक्षण कमी हप्त्यात मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. आणि अर्जात एकही आजार लपवू नये; लपवलेल्या आजारापायीच पुढे दावे नाकारले जातात.

पण हे घरापुरते उपाय झाले. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कामगार संघटनांनी वेतनकरारात पगाराच्या आकड्याइतक्याच आग्रहाने मांडायला हवे, की मर्यादा ओलांडणाऱ्याचा विमा मालक चालू ठेवील. आणि केंद्राकडे मागणी करायला हवी, की पाच वर्षे वर्गणी भरलेल्या कामगाराला आत राहण्याचा हक्क नियमात लिहून द्यावा. पगारवाढ ही घामाची कमाई आहे. तिची किंमत म्हणून कुटुंबाचे आरोग्य मागणारा नियम बदललाच पाहिजे.