शंका विचारायला माणूस हवा

आपल्या चळवळीत ‘शिका’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो तितका दुसरा कोणताच नसेल. पण शिकताना अडले तर काय करायचे, यावर आपण फारसे बोलत नाही. प्रवेश झाला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, वसतिगृहाची किंवा स्वाधारची सोय लागली की आपले काम संपले असे आपण धरून चालतो. गळती त्यानंतर सुरू होते, आणि ती इतक्या क्षुल्लक जागी होते की मोर्चाच्या निवेदनात तिला कलमसुद्धा मिळत नाही. अशीच एक जागा म्हणजे जावा शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींचा प्रोग्राम चालत नाही तो क्षण. विषय ऐकून काही जुने कार्यकर्ते हसतील. हसू द्या.

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बिंदुसरा धरणाजवळ पाली लागते. शहर इतके जवळ की बारावीनंतर इथली मुले घरी राहून बीडला ये-जा करत बीसीए, बीएससी कॉम्प्युटर किंवा पॉलिटेक्निक करू शकतात. बहुतेकांच्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी ही पहिलीच पिढी. काहींचे आईवडील दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते उन्हाळ्यातच परत येतात. अशा घरातल्या एखाद्या मुलीने प्रॅक्टिकलच्या तासाला पहिला प्रोग्राम लिहिला. ‘सिस्टम’ या शब्दातले पहिले अक्षर इंग्रजी मोठ्या लिपीत हवे, तिने लहान टाकले. जावाला मोठे आणि लहान अक्षर ही दोन वेगळी अक्षरे वाटतात. कंपायलरने उत्तर दिले: ‘पॅकेज सिस्टम डझ नॉट एक्झिस्ट’. म्हणजे सिस्टम नावाचे पॅकेज अस्तित्वातच नाही.

हे वाक्य नव्या माणसाने वाचले तर तो काय समजेल? काहीतरी बसवायचे राहून गेले आहे. मग ती मुलगी उसन्या लॅपटॉपवर, मोबाईलच्या डेटावर, जावा काढून पुन्हा बसवते. दोनदा बसवते. तरी तेच वाक्य. तिसऱ्या दिवशी ती ठरवते की हे आपल्या डोक्याचे काम नाही. दोष होता एका अक्षराचा. जवळ बसलेल्या माणसाने तो पाच सेकंदांत दाखवला असता. ज्या घरात मोठा भाऊ इंजिनिअर आहे, मामा पुण्यात कंपनीत आहे, वरच्या मजल्यावरचे काका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहेत, त्या घरातल्या मुलाकडूनही हीच चूक होते. अगदी हीच. त्याची चूक पाच सेकंद टिकते, हिची तीन दिवस. सत्राच्या शेवटी त्याच्या गुणांना ‘मेरिट’ म्हणतात आणि हिच्या गुणांवरून आरक्षणावर अग्रलेख लिहितात.

गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी या पाच सेकंदांचा हिशेब कधी मांडलेला नाही. शंका विचारता येईल असा माणूस जवळ असणे ही संपत्ती आहे, आणि जमिनीसारखीच ती या देशात जातीने वाटली गेली आहे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत दुजाभाव होतो, शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही, असे तेथील अनेक अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी या समितीला सांगितले होते. एम्समध्ये पोहोचलेल्यांची ही गत असेल तर तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या बाकावर कोण आणि शेवटच्या बाकावर कोण, हे सांगायला समिती नेमायची गरज नाही. शेवटच्या बाकावरचा मुलगा हात वर करत नाही, कारण हात वर केला की आधी त्याच्या इंग्रजीवर हशा होतो आणि शंका बाजूला राहते.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कामांतले एक होते सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, आणि १९५० मध्ये औरंगाबादला आज मिलिंद म्हणून ओळखले जाणारे कॉलेज. मराठवाड्यातल्या आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीत जो कोणी शिकला त्याच्या बोलण्यात नागसेनवन येतेच. त्या पिढीला विचारून पाहा, काय आठवते? वर्गातल्या व्याख्यानाइतकीच वसतिगृहातली रात्र आठवते. खाट आणि जेवण तर होतेच, शिवाय रात्री अकरा वाजता शेजारच्या खोलीचे दार वाजवून ‘हे गणित कसं सुटतं रे’ असे विचारता येत होते. आज ये-जा करणाऱ्या, किंवा पेठेत खोली करून एकट्या राहणाऱ्या मुलांकडे ते दार नाही. हातात फोन आहे एवढेच.

त्या फोनवरून काय होते तेही पाहू. पुण्यात नोकरीला लागलेल्या ओळखीच्या दादाला व्हॉट्सॲपवर फोटो जातो. स्क्रीनचा तिरका फोटो, ट्यूबलाईटची चमक पडलेली, आणि नेमकी एररची ओळ कापलेली. खाली ‘दादा चालत नाही, उद्या सबमिशन आहे’. दादा भला माणूस. तो रात्री जागून अख्खा प्रोग्राम स्वतः लिहितो आणि पाठवून देतो. सबमिशन होते. तोंडी परीक्षेत ‘ही ओळ का लिहिली’ असे विचारले की मुलगा गप्प. खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. तिथल्या मुलाखतीत हातात एक बिघडलेला प्रोग्राम देतात आणि चूक शोधायला सांगतात. तिथे दादाने पाठवलेली फाईल कामाला येत नाही. दादाच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण ही मदत भाकरी देण्यासारखी आहे. आपल्या माणसांनी चवदार तळ्यावर पाण्याचे भांडे मागितले नव्हते.

मग मदत करायची कशी? यात कसब आहे आणि ते शिकता येते. पहिला नियम: मदत करणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. मोह फार होतो. हात मागे बांधून बसा. एररची पहिली ओळ मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. फाईलचे नाव, त्यापुढे ओळीचा आकडा, त्यापुढे तक्रार, एवढेच त्यात असते. पण लाल अक्षरे दिसली की नवी मुले ती वाचतच नाहीत. परीक्षेच्या निकालासारखी त्यांच्यावरून नजर फिरवतात. एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा: जावाचा कंपायलर एका दमात शंभरापर्यंत चुका दाखवतो, पण त्या शंभर चुका असतातच असे नाही. एक कंस राहिला की खालच्या सगळ्या ओळी गुन्हेगार ठरतात. म्हणून पहिली चूक सुधारा, पुन्हा कंपाईल करा, मग पुढे बघा. आणि ‘रीच्ड एंड ऑफ फाईल व्हाईल पार्सिंग’ अशी तक्रार आली तर ती शेवटच्या ओळीकडे बोट दाखवते, पण न मिटलेला महिरपी कंस कुठेतरी वर असतो. दोष वरचा, बोट खालच्यावर. हा प्रकार आपल्या लोकांना नवा नाही.

‘कॅनॉट फाईंड सिम्बॉल’ आले तर त्याच्याखालच्या दोन ओळी वाचायला लावा. कोणते नाव सापडले नाही आणि कुठे सापडले नाही, हे तिथे लिहिलेले असते. बहुधा स्पेलिंग चुकलेले असते, किंवा ‘स्ट्रिंग’चे पहिले अक्षर लहान पडलेले असते, किंवा नाव एका कंसात जाहीर करून दुसऱ्या कंसात वापरलेले असते. प्रोग्राम सुरू होऊन मध्येच कोसळला तर भली मोठी यादी येते. ती वरून वाचायची. काय झाले ते पहिल्या ओळीत असते. त्याखाली जावाच्या आतल्या फाईलींची नावे येतात, त्यांना घाबरायचे नाही. आपल्या स्वतःच्या फाईलचे नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबायचे. ‘नल पॉइंटर’ची एरर असेल तर जावाच्या नव्या आवृत्त्या, म्हणजे २०२० नंतरच्या, नेमकी कोणती वस्तू रिकामी होती तेही सांगतात. जावा ८ सारख्या जुन्या आवृत्तीवर ते दिसत नाही. तिथे संशयित ओळीच्या आधी प्रत्येक किंमत छापून बघायची.

सर्वांत अवघड चूक म्हणजे जिथे एररच येत नाही. टक्केवारीचा प्रोग्राम घ्या. ६०० पैकी ४३० गुण. मुलगा लिहितो: मिळालेले गुण भागिले एकूण गुण, गुणिले शंभर. गणित बरोबर आहे, शाळेत असेच शिकवतात. जावा उत्तर देते शून्य. कारण दोन पूर्णांकांचा भागाकार केला की जावा दशांश टाकून देते. ४३० भागिले ६०० म्हणजे शून्य, आणि शून्य गुणिले शंभरही शून्य. आधी शंभरने गुणले तर ७१ येते, आणि शंभरऐवजी दशांशासह १००.० लिहिले तर ७१.६६ च्या पुढचे खरे उत्तर मिळते. इथे मुलाला उत्तर सांगू नका. त्याला मधली पायरी छापायला सांगा. पडद्यावर ते शून्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे होते, त्यासाठी रविवार खर्ची घालायला हरकत नाही.

असेच दोन नमुने आणखी. आधी वय आणि मग नाव विचारणारा प्रोग्राम नाव न विचारताच पुढे पळतो, कारण आकड्यानंतर दाबलेले एंटर तसेच शिल्लक राहते आणि तेच नाव म्हणून वाचले जाते. मधे एक रिकामी ओळ वाचून टाकली की भागते. आणि दोन शब्द सारखे आहेत का हे तपासताना दोनदा बरोबरचे चिन्ह टाकले तर जावा अक्षरे तपासत नाही, दोन्ही वस्तू एकच आहेत का ते तपासते. तिथे ‘इक्वल्स’ वापरावे लागते. पहिल्या वर्षात पोरे ज्यांवर अडतात त्या तक्रारी मोजून वीस-पंचवीस भरतील. त्यांचा मराठी अर्थ आणि नेहमीचे कारण एका तक्त्यावर लिहून विहाराच्या भिंतीवर लावता येतो. मूळ इंग्रजी वाक्य मात्र काढायचे नाही, वर तेच राहू द्यायचे. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि ग्रंथ इंग्रजीत लिहिले. आपल्यालाही दोन्ही लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, एआयला विचारले की झाले. विचारा, मी मना करणार नाही. तो आडनाव विचारत नाही, हसत नाही, दहाव्यांदा विचारले तरी चिडत नाही. आपल्या मुलांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. पण ‘हा प्रोग्राम दुरुस्त करून दे’ असे विचारले तर तो रात्र जागणाऱ्या दादापेक्षा वेगाने तेच नुकसान करतो. ‘या तक्रारीचा अर्थ मराठीत सांग, उत्तर देऊ नकोस’ असे विचारायला शिकवावे लागेल, आणि त्याचे सांगणे खरे की खोटे हे चालवून बघायलाही. तो ठामपणे चुकतो. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, पडताळून पाहा, हे कालाम सुत्तात बुद्धाने सांगितलेले इथेही लागू आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: हे चळवळीचे काम आहे का? ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, स्मशानभूमीला जागा नाही, आणि तुम्ही अर्धविराम शोधत बसा! मी या प्रश्नांना दुय्यम म्हणत नाही. पण ज्या मराठवाड्याने विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढा दिला, घरे जळताना पाहिली, त्या विद्यापीठाची पदवी घेणारा आपला मुलगा दुसऱ्या सत्रात जावाच्या पेपरला बसतच नसेल, तर तो प्रश्नही चळवळीचाच आहे. तो कोणत्या कार्यालयासमोर धरणे धरून सुटणार, ते मला दाखवा. दरवर्षी एप्रिलमध्ये आपण पुण्यातल्या शिकलेल्या पोरांना आग्र्याच्या भाषणाची आठवण करून देतो, बोल लावतो आणि शेवटी डीजेसाठी वर्गणी घेतो. वर्गणी कमी घ्या. महिन्यातला एक रविवार मागा.

पाली असो, नेकनूर असो की बीडमधली एखादी वस्ती, विहाराची खोली आहेच. वंदनेनंतर दोन तास. दोन जुने लॅपटॉप पुरतात. काहीच नसेल तर मोबाईलवरही छोटे प्रोग्राम चालवता येतात. येणाऱ्या मुलाने तीन गोष्टी आणायच्या: पूर्ण एरर, आपल्याला काय अपेक्षित होते ते एका वाक्यात, आणि आतापर्यंत काय करून पाहिले ते. मुलींची वेळ अंधार पडायच्या आत ठेवा, नाहीतर त्या येणार नाहीत आणि आपण म्हणत राहू की मुलींना रस नाही. ज्याची शंका या रविवारी सुटली त्याने पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या शेजारी बसायचे, कीबोर्डला हात न लावता. हिंजवडीहून, खराडीहून येणाऱ्या दादा-ताईंनी भाषण तयार करून आणू नये. आपल्या बहुतेक विहारांत प्लग पॉइंट एकच असतो, एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन या.

जय भीम.